दोन चांदांची भरती

ब्याऐंशी साली वाशीत परग्रहावरचा इंग्रजी पिक्चर लागला होता. तिकिटाच्या रांगेत पंढरीच्या पुढे कारखान्यातला फिटर बाजीराव आणि खाडीत होडीनं मासे धरणारे गोटीरामकाका, दोघंही दुसऱ्यांदा आलेले. गोष्ट आधीच कळू नये म्हणून पंढरीनं कानांत बोटं घातली, पण बोटं कुठवर पुरणार?

“काका, अवकाशात हवाच नाय, मग यान फुटल्याचा आवाज कसा आला?”

“ते सोर. तिथं चांद किती व्हते?”

“दोन.”

“दोन चांदांची भरती, आन् हिरोनं किनाऱ्याला होरी बांधलीच नाय! सकाली बगतो तं होरी तिथंच!”

“म्हंजे चूकच.”

“चूक तं चूक. पन दोन चांद दाखवलं रं! माजा जीव त्या होरीत अरकलाय. आज वरडून सांगीन त्याला, बांध रं! तू कशाला परत आलास?”

“मी? तो आवाज ऐकायला.”