‘माणूस’ नावाची नोंद

सही नंतर. आधी ती बॅग माझ्या टेबलावरून उचला — हां, खालीच ठेवा, फरशी काही चावत नाही. बसायला सांगत नाहीये, कारण पाच मिनिटांचं काम आहे असं तुम्हीच म्हणालात. एकोणीस वर्षं मी या लसीच्या गोदामात स्टोअरकीपर आहे, साहेब, आणि पाच मिनिटांचं काम घेऊन आलेला एकही माणूस पाच मिनिटांत गेलेला मला आठवत नाही.

काय छापून आणलंय? तुमचा लॉग? आणा इकडे. काय तोरा होता हो तुमचा, हा बसवलात तेव्हा! कॉम्प्युटरातले तीन एजंट — एक तापमान बघणार, एक गाड्या लावणार, एक कागदपत्रं करणार — आणि तिघांनी एकाच ठिकाणी लिहायचं, एकमेकांचं वाचायचं, म्हणजे कुणाचं कुणावाचून अडायला नको. मी विचारलं, आणि आम्ही? तर म्हणालात, तुम्हीही लिहा की मावशी! मावशी? तुमच्या आईला बहीण नाही का कुणी? आणि आमची नावं? तर नावं कशाला, नुसतं ‘माणूस’ उमटेल. चार जण आम्ही इथं राबतो, चौघांत मिळून एक नाव. वर हसलात. मी विसरलेले नाही.

आणि आता म्हणताय, ही ‘माणूस’ नावाची नोंद गारठेभाऊंची आहे अशी सही द्या. का? तर दोन नंबरच्या खोलीचं काम त्यांच्याकडे म्हणून? गारठे काही त्यांचं आडनाव नव्हे बरं का — जन्म गेला शीतखोलीत, मे महिन्यातही कानटोपी, म्हणून आम्हीच पाडलेलं नाव. त्यांनी सांगितलं ना तुमच्या बैठकीत, मी लिहिलं नाही म्हणून? तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तर खुर्चीतून उठून. तुम्ही मान वर करून बघितलंसुद्धा नाही, बोटानं स्क्रीन सरकवत होतात. घरी बसवलंत त्यांना. बारा दिवस झाले.

आणि हे काय, शेवटी लिहिलंय — ‘तीन एजंटांच्या नोंदी परस्परांशी जुळतात.’ जुळणारच! वाचता येतं ना? शनिवारी दुपारी पहिल्यानं लिहिलं, दोन नंबरच्या खोलीत पारा अकरावर गेलाय, दार उघडं असेल किंवा सेन्सर बिघडला असेल, माणसाने जाऊन पाहावे. मग खाली ‘माणूस’ — दार बंद आहे, पाहिलं. झालं! पहिला म्हणतो, म्हणजे सेन्सर बिघडला. दुसरा त्याचं वाचून म्हणतो, सेन्सर बिघडलाय, माल ठीक, गाडी लावतो. तिसरा दोघांचं वाचून म्हणतो, दोघांनी खात्री केली आहे. कसली खात्री? एकानं ठोकून दिलं आणि तिघांनी त्याच्यावर इमले चढवले! पारा एकवीसवर गेला तरी आपलं सेन्सर बिघडलाय, सेन्सर बिघडलाय — रविवारभर. दारात पुठ्ठ्याचा खोका अडकला होता, एवढासा. सोमवारी दुसरी गाडी भरताना ड्रायव्हरनं बोंब मारली, खोके कोमट लागतायत म्हणून. तोवर पहिली गाडी गेलेली. सव्वीस लेकरांना टोचून झालं होतं. सव्वीस आयांना परत बोलावलं, परत ती रडारड.

नाही, तुमच्या एजंटाला मी नावं ठेवत नाही. त्या बिचाऱ्यानं तीन वेळा विचारलं, माणसाने जाऊन पाहावे — दोन वीसला, अडीचला, दोन चाळीसला. टिंग, टिंग. माझ्या बहिणीचा फोन चालू, आईला यापुढे कुणी ठेवायचं यावरून आमची जुंपलेली, ती म्हणते तुझं घर मोठं, मी म्हणते तुझे हात मोकळे, आणि मध्येच हे टिंग. उठायचं, कोट चढवायचा, अख्खं गोदाम ओलांडून जायचं, या गुडघ्यांनी. आणि कुणाच्या हुकमावरून? पूर्वी माझ्या रजिस्टरात माझ्या अक्षरात आकडा असायचा, स्वतः आत जाऊन बघितलेला, बोटं बधिर व्हायची लिहिताना. आता मी कोण? तर माणूस. जा म्हटलं की जायचं. तर लिहिलं, जा, पाहिलं म्हणून — एका हातात फोन तसाच —

काय बघताय?

हो. लिहिलं. मी लिहिलं. गारठेभाऊ तेव्हा मागे गाडी उतरवून घेत होते, त्यांना पत्ताही नव्हता. आणि बैठकीत मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं — संशयानं नव्हे हो, ही तरी आपल्या बाजूनं बोलेल म्हणून. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी पीत राहिले. रिकामा झाला तरी.

तो कागद द्या इकडे. फाडत नाही, घाबरू नका. ‘माणूस’ खोडलं. हे माझं नाव — पूर्ण, आडनावासकट — आणि ही सही. सहीच हवी होती ना? मग तोंड का उतरलं? चौकशीचा निकाल लागला होता, नाही का, आता पुन्हा वर जाऊन सांगावं लागेल. सांगा. आणि नावं उमटायची सोय करा आधी, मग कौतुक मिरवा.

बॅग उचला. निघा. मला भाऊंच्या घरी फोन करायचाय आणि तो तुमच्यासमोर करायचा नाही. निघा म्हणतेय ना!

...हॅलो, वहिनी? मी बोलतेय, गोदामातून. नाही, चांगलं-वाईट काही — वहिनी, ऐका, आधी भाऊंना फोन द्या. हं. थांबते.