मिसला मराठी येतं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या मोठ्या बाई. व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे आणि विश्वस्त. माझे सहकारी, पालक. आणि बालवर्गापासून दहावीपर्यंतच्या माझ्या सगळ्या लेकरांनो,

आधी उघडी तोंडं मिटा बघू! दुसऱ्या रांगेतल्या एका चिमुरडीने शेजारणीचा दंड धरून, "अगं, मिस मराठी बोलली!" असं जाहीर केलेलं मी ऐकलंय. हो बाळा, मिस मराठी बोलते. बोबडं बोलायची तेव्हापासून बोलते. या इमारतीत मात्र अठरा वर्षं मुलांसमोर एक शब्द काढला नाही. आज माझा नोकरीचा शेवटचा दिवस, म्हणून मोठ्या बाईंची रीतसर परवानगी काढली आहे. खरं सांगू? सकाळपासून इतकं उचंबळून येतंय की चपला दोनदा उलट्या घातल्या.

पाहुण्यांसाठी थोडा खुलासा करते. आमच्या बालवर्गात प्रत्येक खोलीत दोघी शिकवतात. ताई फक्त मराठी बोलते, मिस फक्त इंग्रजी. मिसला मराठी कळतच नाही, असं मुलाला वाटलं पाहिजे. मग ते तिच्याशी बोलायला आपणहून इंग्रजी शोधतं. घोकंपट्टी नाही, रागावणं नाही. मी ज्या कॉन्व्हेंटमध्ये वाढले, तिथे तोंडून मराठी शब्द निसटला की वर्गाबाहेर उभं करत. त्या सिस्टर्सनी मला वळणदार अक्षर दिलं, शिस्त दिली, त्यांची माया मी विसरलेली नाही. पण इंग्रजी मला भीतीतून आलं. इथे ते मुलांना खेळता खेळता येताना पाहिलं आणि मी मोठ्या बाईंना म्हटलं, "मला ठेवून घ्या, हवं तर मराठीपुरती मुकी राहीन!"

सोपं नव्हतं हो ते. एकदा दोन बहाद्दर माझ्या टेबलाशी उभे राहून माझाच डबा न्याहाळत होते.

"मिसची बिस्किटं घेऊ या?"

"विचारायला नको?"

"विचारणार कसं? तिला बिचारीला काही येत नाही."

मी खिडकीकडे तोंड फिरवून हसू गिळलं. आणि बिस्किटं त्यांनी गिळली. दुसऱ्यांदा, भर बाजारात मी आमच्या यांना नासकी वांगी घेतल्याबद्दल मनसोक्त बोलत होते, तोच समोरून वर्गातली एक मुलगी आईचं बोट धरून आली. मी वाक्य अर्ध्यात सोडून इंग्रजी सुरू केलं. हे घाबरले. म्हणाले, "अगं, बरी आहेस ना?" हसताय काय सगळे? त्यांना विचारा, तिसऱ्या रांगेत बसलेत.

वरच्या वर्गांतल्या तुम्हा मुलांना केव्हाच संशय आला होता, मला ठाऊक आहे. तरी धाकट्या भावंडांसाठी तुम्ही गुपित पोटात ठेवलंत. शहाणी रे माझी बाळं!

माझी जोडीदारीण ताई इथे व्यासपीठावर बसली आहे. अठरा वर्षं एका खोलीत संसार केला आम्ही. पण एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही. ती आज सांगणार आहे, कारण ज्या मुलीला ती सांगायची, ती पुढच्या आठवड्यात दहावी संपवून शाळा सोडते आहे. आणि ती इथेच आहे. दोन्ही भाषांत या कार्यक्रमाचं इतकं झोकदार सूत्रसंचालन करतेय, तीच. आमची भिंगरी.

भिंगरी, तू तेव्हा चार वर्षांची होतीस. तुझी आई आजारी होती, आणि त्या दिवशी नेमकी ताई रजेवर. शाळा सुटायच्या आधी तू माझ्याजवळ आलीस आणि विचारलंस, "मिस, आज आई न्यायला येणार ना?" मला उत्तर माहीत होतं. शाळेच्या ऑफिसमधून निरोप आला होता. मी तुला जवळ घेऊन इंग्रजीत सांगितलं. तुला कळलं नाही. तू पुन्हा विचारलंस. मी पुन्हा इंग्रजीत. तिसऱ्यांदा विचारलंस, आणि मग शेजारच्या मुलाला म्हणालीस, "जाऊ दे, मिसला नाही कळत." त्यानंतर वर्षभर तू मला काहीच विचारलं नाहीस.

आमची पद्धत चांगली आहे, आजही मी तिच्या बाजूने उभी राहीन. पण रडवेल्या पोरीपुढे ती मिनिटभर बाजूला ठेवावी, एवढं मला सुचू नये? त्या दिवशी मीच कॉन्व्हेंटमधल्या त्या सिस्टर्ससारखी वागले.

तर ऐक. आई आज येणार नाही, बाळा. मावशी येईल. आई दवाखान्यात आहे, डॉक्टर तिला बरं करताहेत. मावशी येईपर्यंत मी तुझ्याजवळ बसते.

एवढंच सांगायचं होतं. बारा वर्षं उशीर झाला.

काय म्हणालीस? माइक घे, सगळ्यांना ऐकू दे... ऐकलंत ना? ती म्हणते, "आठवतंय मिस. मला खूप राग आला होता."

आणि आता गं?

"आता आधी पाणी प्या. मी बसते तुमच्याजवळ."

बघा! आणि लोक विचारतात, दोन भाषांत शिकून मुलं गोंधळत नाहीत का?

पाणी प्यायले. मोठ्या बाई, विश्वस्त, ताई, शिपाईमामा, पालकहो, तुम्ही मला जे दिलंत त्याबद्दल मनापासून आभार. अठरा वर्षांचं मराठी एका दमात बोलून टाकलं, तेव्हा पाल्हाळ झाला असेल, एखादा उल्लेख राहून गेला असेल. माझ्या मोठ्या चुकीची माफी मला आत्ताच मिळाली आहे. लहानसहान चुका तेवढ्या तुम्ही पोटात घाला. आता मला खाली उतरू द्या. ही पोरगी हात सोडत नाहीये.