आबांचं मलम नापास झालं

दिपमाला : आबा, कढई खाली उतरवा. आधी माझं ऐका.

आबा : उतारस माय. जळगावथून धावतपळत उनी? मना मलमना निकाल लागना ना? पास व्हई म्हणीसनच तं डबी दिन्ही तुले.

दिपमाला : नापास झालं.

आबा : मना मलम? पार जामनेरथून लोके भेगांसाठी नेतस! दर कढईले मी पहिले आपला कोपरले लावस, मंगच डबी भरस. केस पिकनात, एक फोड उना नही.

दिपमाला : तुमच्या कोपराला सोसलं, एवढंच त्यातून कळलं. तुमच्या मलमातलं बिब्ब्याचं तेल एकाला सोसतं, दुसऱ्याच्या अंगावर उततं. त्यातही बऱ्याचदा पहिल्यांदा काहीच दिसत नाही. अंग आतून बिथरतं आणि पुढच्या खेपेला फोड येतात.

आबा : मलम लावीसन शेजारनी लताबाईना हात सुजनात, तवय मीच तिले बोलनू, तू पथ्य पाळं नही म्हणीसन.

दिपमाला : तिचं काहीच चुकलं नव्हतं, आबा.

आबा : मंग तू कोना अंगले लावीसन दखं?

दिपमाला : कोणाच्याच नाही. काचेच्या बशीत माणसाच्या पेशी वाढवतो आणि त्यांच्यावर थेंब टाकतो. न मानवणारं काही असलं, की पेशींतली ठरावीक जनुकं जागी होतात. ती मोजली की फोड यायच्या आधीच कळतं.

आबा : आन मना मलमले?

दिपमाला : भराभर जागी झाली. वाटलं, माझाच हात चुकला. पुन्हा केलं, तेच. मग बिब्बा वगळून केलं, तर सगळं शांत.

आबा : बिब्बा काढा तं राहस काय? नुसतं मेण. डबीवर मना बापनं नाव शे, दिपू.

दिपमाला : म्हणून तर बसमध्ये रडू येत होतं. वाटलं, सांगूच नये.

आबा : तुना प्रयोगशाळाना सरले ठाऊक व्हतं, मलम कोनं शे ते?

दिपमाला : मीच आधी सांगितलं.

आबा : तरी तू नापास कयं?

दिपमाला : मीच केलं.

(दारातून भिकन डोकावतो.)

भिकन : चुडामण आबा, दोन डब्या द्या. बायकोच्या टाचा लई फुटल्या.

आबा : मलम बंद व्हयनं, भिकन. लताबाईलेबी सांगनं शे, चूक तिनी नव्हती. जळगावना प्रयोगशाळामा नापास कयं.

भिकन : तुमचं मलम? कोन शहाणा तो? नाव सांगा, बघतोच त्याच्याकडे!

आबा : दख ना मंग. आठेच बशेल शे. मनी पोर शे ती.