चोविसाव्या फोटोनंतर

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आदरणीय प्राचार्या ममता देवस्थळी मॅडम, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे सुभाष ठोसर सर, आणि समोर बसलेल्या रविवारच्या फोटोग्राफी वर्गातल्या मित्रमैत्रिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

रविवार, १४ डिसेंबर २००३, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. मी पूनम सागर वसाहतीत आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, कॉलेजचा कॅमेरा मांडीवर घेऊन बसलो होतो. काय करत होतो ते सांगणारच आहे. पण आधी सरांविषयी बोलायला हवं, कारण कार्यक्रम त्यांचा आहे.

मी बारावी नापास. स्टेशनसमोर झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. हा वर्ग बाहेरच्या मुलांनाही खुला होता, म्हणून मला कॉलेजचं दार दिसलं. सरांनी मला एकदाही मार्कशीट विचारली नाही. खरं सांगू? मला त्याचाही संशय आला होता. विचारत कसे नाहीत?

पहिले तीन रविवार सरांनी आमच्याकडून फोटो काढून घेतले. तिसऱ्या रविवारी शेवटी म्हणाले, “मंडळी, कॅमेऱ्यात रोल नव्हताच. आधी हात बसू दे, मग रोल.” सगळे हसले. मी हसलो नाही. मी माझ्या स्वप्नालीताईला नवी साडी नेसायला लावून अर्धा तास उभी केली होती. तिला मी काय सांगणार? ती रोज विचारायची, “काय रे, माझे फोटो धुताहेत की वाळत घातलेत?”

चौथ्या रविवारी सर म्हणाले, “आज रोल आहे.” तुम्हीच सांगा, मी विश्वास कसा ठेवायचा?

पाहुण्यांसाठी पद्धत सांगतो. कॅमेरा एक, रोल एक, छत्तीस फोटो. सहा जणांनी आळीपाळीने घरी नेऊन सहा सहा काढायचे आणि रजिस्टरात सही करून पुढच्याला द्यायचा. चौथा नंबर उत्तनच्या शेन बोर्जिसचा. तो एकोणीस ते चोवीस काढून आला. त्याच्या वडिलांची बोट नुकतीच रंगवून झाली होती, तिचेच सहाही फोटो. कॅमेरा माझ्या हातात देताना म्हणाला, “जपून हां. माझी बोट हाय आत.”

पाचवा मी.

आता गच्चीवर येतो. रोल आहे की नाही हे मागचं झाकण न उघडता कळण्याची खूण सरांनी शिकवली होती. पण शिकवली होती सरांनीच, म्हणून मला ती पुरेशी वाटली नाही. मी झाकण दोन बोटं उघडलं. आत राखाडी पट्टी दिसली. रोल होता. मी झाकण लावलं आणि निवांत माझे सहा फोटो काढले.

उन्हाने काय केलं ते पुढच्या रविवारी कळलं. सरांनी धुतलेली पट्टी खिडकीपाशी धरली. काढून झालेले फोटो उघडे पडले होते, डबीत शिल्लक होते ते वाचले. पहिल्या तिघांचे आत गुंडाळलेले म्हणून नुसत्या कडा गेल्या. शेनचे सहाही काळेठिक्कर. माझ्या पहिल्या फोटोची जागा झाकणाखाली उघडीच होती, म्हणून तो गेला, बाकीचे पाच स्वच्छ.

सरांनी विचारलं, “झाकण कोणी उघडलं?”

शेन म्हणाला, “मी न्हाय उघडला, सर.”

मागून कोणीतरी म्हणालं, “मग काय बोटीतल्या माशाने उघडलं?” वर्ग हसला. या वेळी मीही हसलो. आणि म्हणालो, “सर, माझासुद्धा पहिला गेला.”

शब्द खरे होते. शेनचं नाव त्या शब्दांनीच बुडवलं.

वर्गाचा नियम होता: रोल खराब करणाऱ्याला सत्र संपेपर्यंत कॅमेरा नाही. रजिस्टरात शेनच्या नावापुढे लाल शेरा पडला. तो तरी येत राहिला. तीन महिने शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे फोटो बघत राहिला. आणि माझ्या पाचांतला एक फोटो सरांनी जिन्यात लावला. खाली माझं नाव, तारीखही. तारीख कशाला? दर रविवारी वर्ग सुटताना सर माझ्याकडे बघून विचारायचे, “काही विचारायचंय?” इतरांना विचारायचे का? मी मोजलंय. नाही विचारायचे.

आणि आज भाषणासाठीही मलाच सांगितलं. “तू बोल. तू नीट लिहून काढतोस.” सर, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना? बघा, नुसते चष्मा पुसताहेत.

तर अध्यक्ष मॅडम, माझी एक विनंती आहे. शेनच्या नावापुढचा शेरा खोडावा आणि तो माझ्या नावापुढे लिहावा. जिन्यातला फोटो मी सकाळी काढून ऑफिसात जमा केलाय. हा नवा रोल आणलाय, छत्तीसचा. खोका फोडलेला नाही, खात्री करून घ्यावी. हिशोब इतकाच: माझ्याकडून शेनचे गेले सहा फोटो, आणले छत्तीस. ती बोट मात्र मागच्या महिन्यात विकली गेली, असं ऐकलंय. म्हणजे सहाही अजून बाकीच आहेत.

शेन उभा राहिलाय. पुढे येतोय की दाराकडे जातोय, मला इथून कळत नाही. शेन, जायचं असेल तर जा. पण आधी रजिस्टर बघून जा.

सर, तुम्ही तीन रविवार रिकामा कॅमेरा दिलात, त्याबद्दल आता तक्रार नाही. तुमचा पुढचा काळ सुखाचा जावो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. बाकीची माफी मी शेनकडे मागतोय, ती देणं न देणं त्याच्या हातात आहे.