जिन्याखालचा पॉइंट

सेक्रेटरीशी भांडून जिंकता येतं असं वाटतं तुम्हाला? मग आमच्या मुलुंडच्या सोसायटीचं ऐका. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. वरच्या मजल्यावरचा सावंत पोलिओने अधू. त्याने बॅटरीवर चालणारी तीनचाकी बनवून घेतली आणि नोकरीला जायला लागला. पण गाडी खाली आणि प्लग घरात. रोज संध्याकाळी तो कठडा धरून चढायचा आणि मागून त्याची बायको ती जड बॅटरी उचलून आणायची.

मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. "त्याच्याच मीटरवरून जिन्याखाली एक पॉइंट द्या. तुमचं काय जातं?"

सेक्रेटरी दामले म्हणाले, "आज याला दिला की उद्या सगळे मागतील."

"सगळ्यांकडे बॅटरीची गाडी आहे का हो?"

"नियम म्हणजे नियम."

"मग पेपरात छापून आणतो."

"आणा ना छापून!"

पुढे गणपती आले. रोषणाईसाठी दरवर्षीसारखा जिन्याखालीच पॉइंट बसला. त्याला मीटिंग लागली नाही. विसर्जनानंतर वायरमन तो काढायला आला, तेव्हा दामले म्हणाले, "राहू दे रे. पुढच्या वर्षी बाप्पा येणारच आहेत ना? तोवर सावंतच्या मीटरला जोडून ठेव."

त्या दिवसापासून सावंतवहिनी रिकाम्या हातांनी जिना चढू लागल्या. दामले भला माणूस, मीही म्हणतो. तरी माझा राग गेलेला नाही. कारण सगळे त्याला गणपतीचा पॉइंटच म्हणत राहिले. सावंतचा पॉइंट कुणीच म्हणालं नाही. सावंतसुद्धा नाही.