दवाखान्याच्या पत्त्यावर आलेला पासपोर्ट

जबाब देणार: तक्रारदार मुलीची थोरली भावजय, वय ३१ वर्षे, धंदा नोकरी (दातांच्या दवाखान्यात पेशंटची नोंद व फोन), राहणार दवाखान्यामागच्या इमारतीत, तिसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी पती, सासूबाई व नणंद यांच्यासह सात वर्षांपासून राहते. नणंदेचे वय २३ असून घरात तिला बेबी म्हणतात. तिला परदेशात सांडपाणी शुद्धीकरणाच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आहे. वर्ग येत्या अठरा तारखेला सुरू होतात.

प्रवेशाचे व व्हिसाचे सर्व कागद मी तयार केले. बँकेचा दाखला, आरोग्य तपासणी, फोटोची मापे, सगळे. बेबीने फक्त सह्या केल्या. मला हे काम येते, कारण लग्नाआधी मला स्वतःला याच शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. तेवढ्यात लग्न ठरले. "पुढच्या वर्षी बघू," असे सासूबाई म्हणाल्या होत्या. पुढच्या वर्षी कोणी विषय काढला नाही. मीही काढला नाही.

हेच शिक्षण का घ्यायचे आहे, याबद्दल अर्जासोबत एक पत्र द्यावे लागते. बेबीला ते जमेना. म्हणून मी माझे जुने पत्र काढून त्यातले नाव व तारखा बदलून दिल्या. त्या पत्रात घरामागून वाहणाऱ्या काळ्या ओढ्याचा उल्लेख आहे. तो ओढा माझ्या माहेरचा आहे. बेबीने तो पाहिलेला नाही. प्रवेश कळवताना कॉलेजने पत्राचे कौतुक केले. सासूबाईंनी ते फोनवर सगळ्या नातेवाइकांना वाचून दाखवले. "आमची बेबी लिहिते फार छान," असे त्या म्हणत होत्या. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते.

सगळे कामाला जात असल्याने घराला दिवसा कुलूप असते. म्हणून व्हिसासाठी दवाखान्याचा पत्ता दिला होता. गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कुरियरवाला पाकीट घेऊन आला. मी सही केली. समोर एक पेशंट दाढेत कापूस धरून बसले होते. मी पाकीट फोडले. पासपोर्टमध्ये व्हिसा चिकटवलेला होता. त्यावर बेबीचा फोटो होता. तो काढताना तिचे केस मीच सारखे केले होते. मी तो बराच वेळ पाहिला. नंतर आतल्या खोलीत, जुन्या पेशंटच्या दातांचे प्लास्टरचे साचे ठेवतात त्या खोक्यात, पासपोर्ट तळाशी ठेवला.

असे का केले, असे विचारल्यावरून सांगते की, द्यायचाच नाही असे मी ठरवले नव्हते. संध्याकाळी देऊ, असे मनात होते. संध्याकाळी घरी बेबीच्या बॅगेचे वजन करणे चालले होते. पती बॅग उचलून काट्यावर उभे होते. "मेलीने आख्खं घर भरलंय," असे सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. मला ते बघवेना. "आजही पाकीट आलं नाही," असे मी सांगितले. असे सहा दिवस सांगितले. पाकीट पोचते केले आहे, असे कुरियर कंपनीने काल कळवले. तेव्हा मी म्हणाले, खालच्या मजल्यावर कोणी घेतले असेल.

आज दुपारी अडीच वाजता पती, बेबी व मी पासपोर्ट हरवल्याची तक्रार देण्यास ठाण्यात आलो. ठाणे अंमलदार म्हणाले, "हरवल्याची नोंद पुढे गेली की पासपोर्ट रद्द होतो. मग सापडला तरी उपयोग नाही, व्हिसाही गेला. नीट शोधलंत ना?" पतींनी हो सांगितले. बेबी रडू लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्या वेळी मला बरे वाटत होते. हे मी कोणाच्या दबावाखाली सांगत नाही.

साहेबांनी शिक्षणाचे नाव विचारले. बेबीला ते धड सांगता येईना. मी पूर्ण नाव सांगितले, मुदत सांगितली, पहिल्या वर्षाचे विषय सांगितले. साहेब म्हणाले, "जाणार कोण, तुम्ही की या?" पती हसून म्हणाले, "ही कुठली जाते साहेब! हिला बस बदलून माहेरी जायला जमत नाही."

बेबी रडायची थांबली. म्हणाली, "दादा, हसू नकोस. माझं सगळं वहिनीनं केलंय. ते पत्रसुद्धा तिचंच आहे. मी कुणाला बोलले नाही, चुकलंच माझं."

साहेब नोंद पुढे पाठवणार होते. मी म्हणाले, "थांबा. पासपोर्ट माझ्याकडे आहे."

साडेतीन वाजता दवाखान्यात शिपायासमक्ष खोके उघडले. पासपोर्ट सुस्थितीत मिळाला. बेबीने त्यावरची प्लास्टरची भुकटी बाहीने पुसली व विचारले, "मी बोलले नसते, तर दिला असतास?" मी "माहीत नाही" असे सांगितले. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. पती खाली रस्त्यावर उभे होते. ते वर आले नाहीत.

पासपोर्ट मी हेवा वाटून दडवला. विकण्याचा वा कोणाला देण्याचा हेतू नव्हता. माझ्याविरुद्ध कारवाई नको, असे बेबीने लिहून दिले आहे.

ओळखीचा पुरावा मागितल्यावरून मी पर्समधला माझा स्वतःचा पासपोर्ट दाखवला. त्याची मुदत अजून दोन वर्षे आहे. साहेबांनी पाने चाळली. एकाही पानावर शिक्का नाही.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. त्यात "रागाच्या भरात" असे लिहिले होते. मला राग आला नव्हता. माझ्या सांगण्यावरून ते खोडून "हेवा वाटून" असे केले आहे. आता जबाब मी सांगितला तसाच आहे.