परीक्षेच्या दिवशी मी पाठराखीण होते

ये गं बाय, जवळ ये. दारात काय उभी ऱ्हातेस वसुलीच्या माणसासारखी? आणि किती सुकलीस गं, कॉलेजात जेवायला बंदी हाय का? बस हितं. तुला ऐकायचं ना, मी शाळा का सोडली? सोडली नाय गं बाय. सोडवली.

आमचं गाव कर्जतकडल्या कोंडाण्याच्या लेण्यांच्या खालच्या अंगाला. बापूस खोतांची जमीन कसायचा. खोत आमच्याच जातीतले, पण त्यांच्या घरावर कौलं नि आमच्यावर पेंढा, म्हणजे समजलीस ना. त्यांची एकच पोर, कुसुम, माझ्याच वयाची. तिला कर्जतच्या शाळेत एकटी कशी धाडायची, म्हणून खोत बापसाला म्हणाले, तुझी पोर सोबतीला दे, तीबी शिकंल. बापूस हरखला. तिचं दप्तर मी उचलायचं, ओढ्याला पाणी असलं की आधी मी उतरायचं, मग ती. पण शाळेत बसलो की दोघी सारख्या. काय सांगू तुला, गणिताला माझा हात असा चालायचा जसा भाताच्या लावणीला चालतो, वर बघायचं कामच नाय. कुसुम माझ्या पाटीत बघायची. मी बघू द्यायची, मैतरीण ना माझी.

मास्तर म्हणायचे, सातवीची परीक्षा दे गं, पास झालीस तर पुण्याला मास्तरणी घडवतात, तिथं गरिबाच्या पोरीला जेवायलाबी मिळतं. परीक्षा पनवेलला. बापसाला पनवेल म्हणजे विलायत, तो कुठं नेणार? खोत म्हणाले, अरे मी कुसुमला नेणारच हाय, हिलाबी गाडीत घालतो. शब्द दिला त्यांनी, आमच्या अंगणात उभं राहून.

आणि मग कुसुमचं लगीन ठरलं, परीक्षेच्या तोंडावर. सासर खोपोलीच्या शिळफाट्याच्या पुढं. आमच्यात नवरी पहिल्यांदा सासरी एकटी नाय जात, पाठराखीण जाते सोबत, तिच्याजवळ जेवते, तिच्याजवळ झोपते, नवरी माहेरी परतली की तीबी परतते. कुसुमला बहीण नव्हती. गळ्यात पडली माझ्या, तूच चल गं. मी म्हटलं, अगं माझी परीक्षा. ती म्हणाली, त्याच्या आधी आप्पा तुला न्यायला गाडी धाडतील, माझ्या गळ्याची शपथ. मग काय, गेले.

गाडी काय येईना. मी रोज सकाळी लुगडं बांधून तयार. कुसुमची सासू हसायची, म्हणायची, ही बघा, हिची बोट सुटतेय. परीक्षेच्या आदल्या दिवशी खोत आले, लेकीला बघायला, लाडवांचा डबा घेऊन. मी बोचकं घेऊनच धावले. म्हटलं, आप्पा, उद्या परीक्षा. ते म्हणाले, कुणाची गं? शाळेत तुला बसवली ती आमच्या पोरीची सोबत म्हणून. पोर हितं हाय, तर सोबत कुठं चालली? मी कुसुमकडं बघितलं. ती खाली बघून बांगड्या फिरवत बसली. मग हळूच म्हणाली, मीच आप्पांना सांगितलं गं, गाडी धाडू नका म्हणून. मला हितं करमत नाय.

खोताचं काय, खोत तो खोतच. पण कुसुम!

मास्तर नंतर बापसाकडं आले होते, पुढल्या साली बसवू म्हणाले. बापसानं खोतांना विचारलं. खोत म्हणाले, सोबत संपली, आता पोरगी शेतावर आण. जमीन त्यांची, बापूस काय बोलणार? साल सरायच्या आत माझंबी लगीन झालं. वाचणं मात्र मी मरू दिलं नाय, मिठामिरचीच्या पुडीचा कागदबी वाचून मगच चुलीत घातला.

पुढं लय वर्षांनी कुसुम आजारी पडली, तेव्हा तिनं माझ्यासाठी गाडी धाडली. तेव्हा बरी गाडी सापडली! गाडीवान म्हणाला, बाईंना एकटं वाटतंय, तुमचं नाव घेतात. मी त्याला पाणी दिलं, गूळ दिला, म्हटलं, सांग बाईंना, आज माझी परीक्षा हाय. त्याला काय कळणार, तो गेला. मी गोठ्यात जाऊन रडले. तिच्यासाठी का माझ्यासाठी, अजून ठरत नाय.

असो. तू शीक गं, सुखी ऱ्हा. आणि अशी नुसती सणावारीच तोंड दाखवू नकोस, येत्या आयतवारीच ये. सुकट करते, भाकरी करते. एकटी ये, नायतर मैतरणीला घेऊन ये, पण ये.